सीटमागची फळी

हंगामात वडिलांचा जुना ट्रक शिरूरकडचा ऊस दौंडच्या कारखान्याला नेतो. काट्यापुढे रात्रभर रांग. तेव्हा सीटमागची फळी हेच त्यांचे घर. यंदा ती कुजली. आम्ही दोघांनी नवी ठोकली, टपाखाली थर्माकोल लावले, पंखा बसवला. ८ जून २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. जुन्या गाडीला आमचा पंखाच!

काम संपल्यावर सहज आडवा झालो, तर पाय मावेनात. मी तर वडिलांहून बुटका!

"दादा, इतकी वर्षे झोपलात कसे?"

"झोपतोय कोण? नंबर कधी लागतो, तिकडेच कान."

वसतिगृहातली माझी खाट सहा फुटी आहे. त्या रात्री तिच्यावर मला झोप लागली नाही.