पाण्यात राहून जाणारा गुलाब

जयपुरात सुगंधाची मिश्रणं करणाऱ्याला दोनच प्रश्न विचारले जातात. भाव काय, आणि “असली है ना?” पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याच्या आड येतं फिनाइल इथाइल अल्कोहोल, आमच्या धंद्यात नुसतं पीईए.

बिनरंगाचा, जरासा दाट द्रव. कारखान्यात तो बेंझीन आणि इथिलीन ऑक्साइडपासून करतात, नाहीतर स्टायरीन ऑक्साइडला हायड्रोजन देऊन. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण हेच रसायन पुष्करच्या गुलाबाच्या पाकळीतही असतं, आणि चांगलं भरपूर. पाकळ्या देगेत चढवून वाफेनं तेल काढलं की सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल तेलात उतरतात. पीईए पाण्यात विरघळत असल्यानं बहुतेक गुलाबपाण्यातच राहतं. तेलाच्या वाट्याला येतं जेमतेम दोन-तीन टक्के. त्याच फुलांचा द्रावकानं अर्क काढला, तर त्यात निम्म्याहून जास्त पीईएच! म्हणजे तीन-चार हजार किलो फुलांमागे किलोभर मिळणाऱ्या ‘अस्सल’ तेलातून फुलाचा मोठा हिस्सा आधीच गळालेला असतो. तो मी बाटलीतून परत घालतो. शुद्ध तेल म्हणून विकलं तर ही भेसळच, त्यात वादच नको. मिश्रण म्हणून विकलं तर मात्र मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

जानेवारीच्या सकाळी गुलाबतेलाच्या कुपीत बारीक स्फटिक धरलेले असतात. शेजारचं पीईए पातळच. तेलाचा थेंब पाण्यावर तरंगतो. पीईएचा तळाला जातो, आणि काडीनं हलवला की दिसेनासा होतो.

नुसत्या पीईएचा फाया हुंगावा, तर मवाळ गोडवा, थोडा मध, मागे पावाची झाक. ती असणारच, कारण यीस्टही पीईए बनवतं. ते नाकाला जवळजवळ झोंबत नाही. म्हणून वासाची शक्ती तपासायला डॉक्टरही तेच वापरतात. गुलाबाचा तोंडवळा मात्र त्याला एकट्याला येत नाही. त्यासाठी डॅमॅसिनोनसारखी, तेलात कणभर असणारी रसायनं लागतात.

साबणाच्या क्षारात भलेभले वास बिघडतात, पीईए टिकतं. त्यामुळे स्वस्त गुलाबी साबणांत त्याचीच चलती. माझ्या गुलाबात त्याचा हात जड झाला की मला न्हाणीघर आठवतं. काही गिऱ्हाइकांना नेमका तोच गुलाब आवडतो, आणि तेच तो सगळ्यात असली ठरवतात.