लाइन रस्त्यावरची, शेगडी घरातली

मुंबई-पुण्यात मेट्रो, काँक्रिटीकरण आणि पर्जन्यवाहिन्यांसाठी रस्ते सतत खोदले जातात. मध्ये गॅसची लाइन आली की ती बाजूला घ्यावीच लागते. पाइपगॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरात राहूनही माझी त्याला हरकत नाही. नव्या रस्त्याखाली दबलेली लाइन दुरुस्तीला हाती न लागणं जास्त वाईट. माझी तक्रार वेगळी आहे. हे काम रस्त्यावरचं समजून उरकलं जातं आणि रहिवाशांना ते कळतं शेगडी विझल्यावर. माझ्या मते आगाऊ सूचना हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

कारण कामाच्या पद्धतीतच आहे. वस्तीतली लाइन बहुधा पॉलिएथिलीनची असते. तिच्यात साधारण ४ बारपर्यंत दाब असतो आणि रेग्युलेटर तो घरापर्यंत सुमारे २१ मिलिबारवर आणतो. लाइन हलवताना नळी चिमटून गॅस अडवतात, नवा तुकडा कपलरने वितळवून जोडतात, गळती तपासतात, आत शिरलेली हवा काढून टाकतात आणि मग गॅस सोडतात. जमिनीखाली इतकी काळजी घेतली जाते, पण वर काय होतं? भाजी अर्धी शिजलेली असताना आच बारीक होत जाते आणि विझते. गडबडीत बटण तसंच राहतं. आपल्याकडच्या बऱ्याच शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी सोय नसते. दुपारी घर बंद करून माणसं कामावर गेली आणि तेवढ्यात पुरवठा सुरू झाला, तर न जळलेला गॅस घरात साठू लागतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी पुरते. वास मुद्दाम मिसळलेला असतो खरा, पण बंद घरात तो घेणार कोण? शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसणारा. पाइपातला हलका, छताकडे जाणारा. सिलिंडरवर वाढलेल्या पिढीला हा फरक कुणी तरी सांगायला हवा.

यावर कुणी म्हणेल, चार तासांचा तर प्रश्न, इंडक्शन वापरा. ज्याच्याकडे आहे तो वापरेलही. पण पाइपगॅस आल्यावर अनेकांनी सिलिंडर परत केलेला असतो, आणि डबे करून घर चालवणाऱ्या बाईचे ते चार तास म्हणजे त्या दिवसाची कमाई. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जेसीबीचा दात लागून लाइन फुटली तर नोटीस काढत बसायचं का? मुळीच नाही, तिथे आधी गॅस बंदच केला पाहिजे. पण स्थलांतराचं काम अचानक उगवत नाही. त्याचा आराखडा, परवानगी, कंत्राट सगळं आधी ठरतं. खोदणाऱ्याने जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. म्हणजे खोदणारा आणि लाइनवाला यांनी एकमेकांना सांगायचं, हे मान्य झालं आहे. त्या साखळीत रहिवासी मात्र नाही.

म्हणून सोसायट्यांच्या आणि चाळींच्या कमिट्यांनी रस्ता खोदायला घेतला त्याच दिवशी लेखी विचारावं: गॅस कधी जाणार, कधी येणार, आणि सोडण्याआधी घरोघर तपासणी कोण करणार. तोवर आपल्या हातात आहे ते करू. आच अचानक गेली की शेगडीचं बटण आणि लाइनवरचा व्हॉल्व्ह, दोन्ही बंद करा, आणि शेजारचं घर कुलूपबंद असेल तर त्यांना फोन करून विचारा.