इमेराथचे चर्च आणि आमची बावखळ

आमची एक मावसबहीण धर्मभगिनी आहे. गेली कित्येक वर्षे ती जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या मुलखात, रुग्णसेवा करते. 2023 च्या नाताळात ती सुट्टीवर वसईला आली, तेव्हा तिने आम्हांला एक छायाचित्र दाखवले. दोन उंच मनोऱ्यांचे दगडी चर्च आणि त्याच्या भिंतीत दात रोवून उभे असलेले यंत्र. इमेराथ गावाचे संत लॅम्बर्टचे हे चर्च जानेवारी 2018 मध्ये पाडण्यात आले. युद्ध नव्हते की भूकंप नव्हता. गावाखाली कोळसा होता, एवढेच कारण. गावकऱ्यांना नव्या वसाहतीत नेले, दफनभूमीतील मृतांनाही हलवले आणि मग खाणीची कड चर्चच्या पायरीपर्यंत आली.

आम्ही सहज विचारले, "मग तिथे कुणी आवाज उठवला नाही?"

"उठवला ना," सिस्टर म्हणाली, "पण आवाज उठवणाऱ्यांमध्ये पुष्कळसे असे होते, की ज्यांच्या पक्षाला मत देताना माझा हात अडखळतो."

हा पक्ष म्हणजे जर्मनीचा हरित पक्ष. जानेवारी 1980 मध्ये कार्ल्सरुहे येथे त्याची स्थापना झाली. पर्यावरण, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा हे त्याचे चार खांब. 1983 साली 5.6 टक्के मते मिळवून ही मंडळी प्रथमच संसदेत गेली, ती विणलेले स्वेटर घालून आणि हातात कुंड्या व झाडांच्या फांद्या घेऊन! त्यांच्या आघाडीवर असलेल्या पेट्रा केली यांचे बालपण कॅथलिक शाळेत गेले होते. त्यांची दहा वर्षांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. अणुशक्तीला त्यांनी केलेल्या विरोधामागे ते दुःख होते. पुढे त्यांनी चर्च सोडले. आम्हांला ही हकिकत ऐकून हळहळ वाटली. पाखराने आपले घरटे सोडावे आणि घरट्यातच शिकलेले गाणे दुसऱ्या झाडावर बसून गावे, तसे काहीसे.

1998 मध्ये हा पक्ष सोशल डेमोक्रॅट पक्षाबरोबर केंद्रात सत्तेवर आला. 2000 सालच्या कायद्याने सूर्य आणि वारा यांपासून केलेल्या विजेला वीस वर्षे ठरावीक दर मिळू लागला. त्यामुळे शेतकरी, सहकारी संस्था, सामान्य कुटुंबेही वीज विकू लागली. सिस्टरच्या मठाच्या छपरावरही सौर तक्ते बसले. त्याच वर्षापासून नागरिकत्वाचा कायदा बदलला. तोवर जर्मन कोण हे मुख्यतः रक्ताच्या नात्यावर ठरत असे. आता अनेक वर्षे तेथे कायदेशीर राहिलेल्या परदेशी आईबापांच्या, त्या भूमीवर जन्मलेल्या लेकरालाही नागरिकत्व मिळू लागले. सिस्टरच्या रुग्णालयातील तुर्की सफाई कामगार बाईने त्या दिवशी सर्वांना मिठाई वाटली होती म्हणे. परक्याला आपले म्हणावे हे आपण दर रविवारी ऐकतो. ते सरकारी कायद्यात लिहिलेले पाहून सिस्टरला कोण आनंद झाला!

पण हाच पक्ष गर्भपाताला फौजदारी कायद्यातून वगळा म्हणतो. तेथे सल्लामसलतीचे प्रमाणपत्र घेऊन पहिल्या बारा आठवड्यांत गर्भपात केला, तर शिक्षा होत नाही. हे प्रमाणपत्र कॅथलिक सल्लाकेंद्रांनी द्यावे की नाही, यावर तेथील चर्चमध्ये मोठा वाद झाला आणि अखेर पोप दुसरे जॉन पॉल यांच्या सांगण्यावरून बिशपांनी ते देणे थांबवले. सिस्टर प्रसूती विभागात काम केलेली बाई. ती या विषयावर फारसे बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, "बेडकाची अंडी वाचवायला रस्ता बंद करतात, ते मला आवडते. मग आईच्या पोटातले बाळ यांना का दिसत नाही, हे मला कळत नाही. आणि आपल्या लोकांना बाळ दिसते, पण त्याला प्यायला लागणारे पाणी दिसत नाही, हेही कळत नाही."

पोप सोळावे बेनेडिक्ट सप्टेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या संसदेत बोलले. काही हरित खासदार त्या दिवशी गैरहजर राहिले. पोपमहाशयांनी मात्र पर्यावरणाच्या चळवळीला ताज्या हवेसाठी दिलेली हाक म्हटले आणि आपण कोणत्याही पक्षाचा प्रचार करीत नाही, अशी मिस्कील पुस्तीही जोडली. मग त्यांनी माणसालाही स्वतःचा एक निसर्ग असतो, त्याचाही मान राखावा लागतो, असे बजावले. पुढे 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, आणि सृष्टीची काळजी व गर्भपाताचे समर्थन एकत्र नांदू शकत नाही, असेही लिहिले. याच पक्षाचे विन्फ्रीड क्रेट्शमन 2011 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गचे मुख्यमंत्री झाले. ते नित्य उपासनेला जाणारे कॅथलिक. तेव्हा हा हात अडखळणे काही एकट्या सिस्टरचे नाही.

सत्तेने या पक्षालाही सोडले नाही. एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, परंतु त्याआधी, युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा वायू अडला तेव्हा, याच पक्षाच्या मंत्र्याला कोळशाची बंद यंत्रे पुन्हा चालू करावी लागली. इमेराथजवळची पाच गावे वाचली, 2030 पर्यंत तेथील कोळसा थांबवायचे ठरले. पण बदल्यात ल्युत्सेराथ हे छोटे गाव खाणीला गेले. जानेवारी 2023 च्या चिखलात पोलिसांनी तेथील तरुणांना ओढून काढले. त्यांतल्या कित्येकांनी आपले पहिले मत याच पक्षाला दिले असेल.

आम्ही मान हलवत ऐकत होतो. परक्यांच्या चुकांवर मान हलवणे सोपे असते. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "चल, मावशीची बावखळ बघून येऊ."

आम्ही गप्प राहिलो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीच्या सभांना आम्हीही गेलो होतो. टँकर आमच्या विहिरींचे पाणी उपसत होते, विहिरी मचूळ होत होत्या. त्याविरुद्ध घोषणा देता देता आमचा घसा बसला होता. पुढे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, भावांच्या वाटण्या. बावखळीसकट वाडीचा तो तुकडा आम्ही विकला. भरणी करण्यासाठी मातीचे ट्रक तीन दिवस येत होते. आई त्या दिवसांत मागच्या दारी गेली नाही.

हे सिस्टरला पत्राने कळवायचे राहून गेले होते, असे आम्ही म्हणालो. ती काही बोलली नाही. चप्पल घालून निघालीच. आम्ही मागोमाग गेलो. जिथे पाणवेलीचे मांडव होते तिथे इमारतीची भिंत, आणि फाटकाशी पाण्याचा टँकर उभा. रबरी नळी टाकीत सोडलेली. सिस्टरने खाली वाकून नळीच्या सांध्यातून ठिबकणारे पाणी बोटावर घेतले, जिभेला लावले.

"गोडे आहे," ती म्हणाली. "कुणाच्या विहिरीचे?"

टँकरवाल्याने दूर, पूर्वेकडे हात केला.