कौलारू मशीद

अब्बांचे गाव पवना धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी आले तेव्हा ते विशीत होते. पाच-सहा घरांची आमची आळी होती आणि शेवटाला एक लहानशी कौलारू मशीद होती. लोणावळ्याला येऊन अब्बांचे आयुष्य गेले, पण श्रावणात पवना भरली की ते अजूनही गप्प होतात. आता गुडघे चालत नाहीत. "एकदा वरून तरी बघायचं होतं," असे ते परवा म्हणाले.

मला संगणकावर विमान उडवण्याचा नाद आहे. एक्स-प्लेन नावाच्या कार्यक्रमात सारी पृथ्वी अक्षांश-रेखांशांच्या चौकोनांत कापून ठेवलेली असते. आमचे मावळ ज्या चौकोनात येते त्याचे नाव '+18+073'. त्याच एका चौकोनात पुणेही आहे, कर्जतही आहे. मी मनाशी ठरवले, अब्बांना मावळ वरून दाखवायचे.

मूळच्या सीनरीत डोंगर होते, पण ते थोडे झिजल्यासारखे. लोहगडाचा विंचूकाटा तर ओळखूच येईना. उंचीची मोजमापे ठरावीक अंतरांवरच्या ठिपक्यांची असतात, दोन ठिपक्यांच्या मध्ये मावणारी चिंचोळी सोंड त्यांतून निसटते. म्हणून अधिक बारीक जमीन आणून बसवली. गावांसाठी घरे, झाडे, देवळे यांच्या तयार वस्तूंचे संग्रह उतरवून घेतले. त्यांना लायब्ररी म्हणतात. आपण आपल्या फाइलीत फक्त वस्तूचे नाव, जागा आणि तोंड कोणत्या दिशेला एवढेच लिहायचे. वस्तूचा आकार लायब्ररीत असतो.

सोपे वाटले, आणि तिथेच मी फसलो. संगणकात जागा होईना म्हणून एक 'नको असलेली' लायब्ररी मी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी अर्धे गाव गायब. घरांची नावे फाइलीत जशीच्या तशी होती, पण त्या नावांना आकार देणारे कोणी उरले नव्हते. 'लॉग' नावाच्या फाइलीत हरवलेल्या एकेका वस्तूची नोंद सापडली, तेव्हा चूक कळली. मग आणखी एक घोटाळा. सगळ्या सीनरींची यादी 'सीनरी पॅक्स' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. जी ओळ वर, तिचा मान मोठा. नवे आणलेले आपोआप सगळ्यात वर जाऊन बसते. माझी नवी जमीन अशीच वर बसली आणि तिने खालच्या ओळींतली माझी सारी गावे झाकली. विमानतळ वर, त्याखाली घरेदारे, जमीन तळाला, हा क्रम हाताने लावला तेव्हा कुठे मावळ दिसू लागले.

शेवटी अब्बांना खुर्चीत बसवले. लोहगावहून सेसना उडवले. साडेचार हजार फुटांवरून विसापूर, लोहगड मागे टाकले आणि पवनेवर आलो. डावीकडे तिकोना, उजवीकडे तुंग. अब्बा पुढे झुकले. पाण्याच्या काठाला मी लायब्ररीतली एक मशीद ठेवली होती. मोठा घुमट, चार उंच मिनार.

"ही कुणाची?"

"आपली. म्हणजे... संग्रहात अशीच होती."

"आपली अशी कुठं होती? कौलं होती तिला." मग जरा वेळाने, "आणि हिचा किब्ला कुठंय?"

मी फाइल उघडून पाहिली. दिशेच्या जागी शून्य होते. मशिदीचे तोंड सरळ उत्तरेला!

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याविषयी इतरांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत, सिनेमांत आपण असेच येतो ना? संग्रहात जो तयार मुसलमान असेल तो उचलायचा आणि मावळात नेऊन ठेवायचा. त्याची भाषा कोणती, त्याच्या घरावर कौले की पत्रे, त्याचा किब्ला कुठे, हे कोण विचारणार? पण इतरांना दोष तरी कसा देऊ? आपल्याच गावात ती मशीद मी माझ्याच हाताने ठेवली होती.

सकाळी अब्बांनी वहीच्या पानावर चित्र काढून दिले. चार भिंती, उतरते छप्पर, दोन लाकडी खांब, पुढे निंब. पंधरा दिवस खपून मी तो आकार स्वतः तयार केला. ओबडधोबडच झाला. दिशेच्या जागी 280 लिहिले. मावळातून काबा पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे येतो.

"पाण्याखाली ठेवू का, जिथं होती तिथं?" मी विचारले.

"नको. काठाला ठेव. दिसली पाहिजे."

पुन्हा उडालो. तुंगाच्या बाजूने वळण घेतले आणि खाली ते लाल छप्पर दिसले. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पडद्यासमोरच दोन्ही हात उचलून, पाण्याखाली राहिलेल्या आपल्या माणसांसाठी त्यांनी फातिहा पढली. मी विमान तसेच घिरट्या घालत ठेवले.