खांड पडण्याआधी

आमचं गाव अलिबागच्या खारेपाटात. भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच चढतं. मध्ये काय तो मातीचा बांध. समुद्र वाढतोय हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळावं लागत नाही. उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला लागतं, तेव्हा अख्खं गाव जागं असतं.

बांधाचा आराखडा आपणच करायचा असं ग्रामसभेत ठरलं आणि वही माझ्याकडे आली. सरकारी नकाशात बांध म्हणजे नुसती एक रेघ. तीच रेघ देवळाच्या सभामंडपात खडूने मोठी काढली, तर जो तो वाकून त्यात भर घालू लागला. खेकडे धरून पोट भरणाऱ्या एक आजी खडू घेऊन बसल्या आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, शेजारी टिंबं देत सुटल्या. ती खेकड्यांची बिळं. म्हणाल्या, "पानी वरून येत नाय, खालून येतं." भरती चढताना जाऊन पाहिलं, तर नेमक्या त्या टिंबांच्या जागी बांधाला आतून पाझर फुटला होता. आजवरच्या मोजणीत बांधाची उंची होती, बिळं कुठेच नव्हती.

पूर्वी इथे जोळ होती. ज्याची जशी जमीन, तशी त्याने बांधावर माणसं द्यायची आणि खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं, की ओहोटी साधून ती चिखलाने बुजवायची. पुढे बांध सरकारी योजनेत गेले, १९७९चा खारभूमी विकास कायदा आला, आणि जोळ मोडली. आता खांड पडली की अर्ज, मग अंदाजपत्रक, मग निविदा. भरती मात्र दिवसातून दोनदा येते.

आराखडा करताना भांडण झालं ते तिवरांवरून. बांधाबाहेरची तिवरं लाटेचा जोर मोडतात, ती राखायचीच. पण खांड उघडी राहिली की खाऱ्या पाण्याबरोबर बी आत येतं आणि काही वर्षांत भाताच्या खाचरात तिवरांचं रान माजतं. उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालामुळे ती तोडता येत नाहीत. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पीक मात्र शून्य! काहींनी निकालालाच नावं ठेवली. मला ते पटलं नाही. तोडबंदी रास्तच आहे. दोष न बुजवलेल्या खांडीचा आहे. कुणी म्हणालं, भात सोडून जिताडे मासे पाळू. पण जिताड्यांच्या तळ्यालाही धड बांध लागतोच.

शेवटी वहीत लिहिलं ते असं: उघाडीची दारं आणि दगडी पिचिंग सरकारी खात्याने करावं, बिळं, भेगा, हातभर खांडी गावाने. पावसाळ्याआधी बांधफेरी, आणि फेरीत खेकडेवाल्या बायका पुढे. खारं सोसणारी पनवेलची भातबियाणी वापरायची, पण त्यांच्या भरवशावर बांध सोडायचा नाही.

तुमचंही गाव खाडीकाठी असेल तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बांधाच्या किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम मागा. मागणी तोंडी नको, ठरावात लिहून घ्या.