आईचं पोटॅशियम

आईच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमपुढे ५.९ होतं, शेजारी ठळक ‘एच’, म्हणजे जास्त. क्रिएटिनिन व्यवस्थित. पौडचे डॉक्टर कागदापेक्षा आईकडेच जास्त वेळ बघत राहिले. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग त्यांनी विचारलं, “नमुना पुण्याला पोचायला किती वेळ लागला?”

तेव्हापासून ती रक्ताची नळी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मुळशीच्या पावसात डब्यातून निघालेली, चांदणी चौकाच्या गर्दीत अडकलेली. पेशी वेगळ्या न करता रक्त रेंगाळलं, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. साखर मात्र पेशी खातच राहतात. म्हणजे अंगाबाहेर आल्यावरही रक्त काही काळ जगत असतं. हे कळल्यावर आत काहीतरी हललं. काय, ते अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या नमुन्यात ४.४ आलं, म्हणजे नॉर्मल. आईचा थकवा तसाच आहे, त्याला रिपोर्टात रकाना नाही.

रिपोर्टातली संदर्भमर्यादा साधारण ९५ टक्के निरोगी माणसांचे आकडे आत बसतील अशी आखतात, म्हणून धडधाकट माणूसही कधी तिच्याबाहेर पडतो. पण पोटॅशियम खरोखर वाढलं, तर हृदय थांबू शकतं. तेव्हा ठळक अक्षर दिसलं की घरी अर्थ लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.