वर्गातली हवा

२७ सप्टेंबर २०२१
करोनामुळे बंद असलेल्या शाळांपैकी ग्रामीण भागातली पाचवी ते बारावी ४ ऑक्टोबरपासून भरवायची, असं ठरलं. बीड जिल्ह्यातल्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत म्हणजे तीन वर्ग. मागवलेल्या माहितीच्या तक्त्यात सॅनिटायझर, थर्मल गन, मास्क यांचे रकाने आहेत, खिडक्यांचा नाही. सातवीच्या वर्गाला मागच्या बाजूला दोन खिडक्या आहेत. चोरीच्या भीतीनं त्यांना कधीकाळी पत्रे ठोकलेत.

२९ सप्टेंबर
दार लावून सातवीच्या वर्गात मधोमध उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला आणि छताखाली साचून राहिला. आजारी माणसाचा श्वासही असाच साचणार. मग पत्रे उपसले, दार उघडलं, पुन्हा उदबत्ती धरली. या वेळी धूर दाराकडे वळला आणि बघता बघता बाहेर गेला. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मात्र तो घुटमळतो. तिथे बाक ठेवणार नाही. घरचा टेबलफॅन आणून मागच्या खिडकीत बाहेर तोंड करून बसवला, आणि कोपराही हलका झाला. बाकं पुसायला माणसं आहेत, औषधही आहे. हवेकडे बघायला मात्र कुणालाच सांगितलेलं नाही, याची फार काळजी वाटते.

४ ऑक्टोबर
मुलं आली. एका बाकावर एक. काही जण इतके उंच झालेत की आवाजावरूनच ओळख पटली. परिपाठाला एकत्र उभं करायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाढे? एका सुरात, टिपेच्या आवाजात पाढे म्हणायची आमची जुनी सवय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतल्या ५३ जणांना करोना झाला किंवा तशी लक्षणं दिसली, दोघं दगावली. गाताना, ओरडताना तोंडावाटे कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. म्हणून पाढे, कविता, वाचन सगळं लिंबाखाली. गणित आणि लेखन तेवढं आत.

२० ऑक्टोबर
दसरा झाला, साखर कारखान्यांचा हंगाम लागला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. काही पोरं आईबापाबरोबर फडावर गेली. राहिली ती आजी-आजोबांजवळ. शाळेतून घरी जाणारं पोर रात्री आजीच्या कुशीतच झोपणार. शाळा किती सुरक्षित, याची खरी परीक्षा त्या घरात होणार आहे. म्हणून आज हजेरीपटामागे नवा तक्ता आखला: घरात म्हातारं माणूस कोण, लसीचे डोस किती.

सहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, आजी सुई घेईना. म्हणती, ताप येतोय.” संध्याकाळी आशाताईंना घेऊन तिच्या घरी गेलो. आजी भाकरी थापत होत्या. “मास्तर, मी पडले तर पोरीला कोण बघंल?” त्यांची भीती खरी होती. मी म्हटलं, “आजी, ताप आला तर दोन दिवस भाकरी आमच्या घरून येईल. पण करोना झाला तर पोरीला खरंच कोण बघंल?” त्या बराच वेळ तव्याकडे बघत राहिल्या. मग आशाताईंना विचारलं, “कवा यायचं?”

१ डिसेंबर
आज पहिली ते चौथी. दुसरीच्या लेकरांनी वर्गच पाहिलेला नाही. बाकावर कसं बसायचं, इथपासून सुरुवात. मास्क हनुवटीखाली येतो, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. खरा धोका जेवताना, तेव्हा सगळ्यांचीच तोंडं उघडी असतात. पोषण आहाराचा शिधा अजून कोरडाच मिळतोय, डबे घरून येतात. ते मैदानात हातभर नव्हे, चांगलं पुरुषभर अंतर ठेवून खायचे. ओमायक्रॉनच्या बातम्यांनी पालक धास्तावलेत. थंडी वाढली तरी खिडक्या उघड्याच राहतील. दप्तरात स्वेटर द्या, एवढा निरोप घरोघर पाठवला.

१० जानेवारी २०२२
१५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद. आठवडी बाजार भरतोय, माणसांना माणसं खेटताहेत, आणि चहूबाजूंनी वारा खेळणारी आमची शाळा बंद. हे मला पटत नाही, तसं लेखी कळवलं. लेकरं आत्ता कुठे अक्षरं जोडायला लागली होती.

दुपारी सरपंच आले होते. मोकळ्या खिडक्यांतून सामान चोरीला जाईल, ही त्यांची काळजी रास्त आहे. पत्र्याऐवजी लोखंडी गज आणि जाळी बसवायची, खर्च ग्रामपंचायतीच्या निधीतून, असं ठरलं. चार बाय तीन फुटांच्या दोन खिडक्यांचं माप लिहून दिलं. वेल्डर गुरुवारी येतोय.